वाजतो म्हणजे बरोबर आहे, असं नाही!

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे तुमचं निम्मं लक्ष तिकडे असणार याची मला कल्पना आहे. तरी उरलेलं निम्मं मला द्या, कारण आज मी एक कबुलीही देणार आहे आणि शेवटी थोडे पैसेही मागणार आहे.

स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात ती करड्या रंगाची, सूटकेसएवढी पेटी ठेवली आहे, ती बघा. आपल्यातल्या जुन्या सभासदांनी ओळखली असेल. हा आपल्या मंडळाचा पहिला ॲम्प्लिफायर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच, बव्हेरियात बनलेला, व्हॉल्व्हवर चालणारा. त्या काळी जर्मनीत गावोगावी नाचाच्या कार्यक्रमांना वाजवणारे छोटे बँड असत. गिटार, अकॉर्डियन आणि गाणाऱ्याचा माइक, सगळं एकाच ॲम्प्लिफायरला जोडायचं अशी पद्धत होती. श्ट्राउबिंगची, वेर्नर पिंटरनागेल यांनी १९४५ मध्ये सुरू केलेली डायनाकॉर्ड कंपनी, किंवा म्युनिकच्या परिसरातली क्लेम्ट, जिचा माल 'एकोलेट' नावाने विकला जाई, अशा कंपन्यांचं सामान या वाजवणाऱ्यांच्या गाड्यांत असे. आपली ही पेटी कुठल्या कंपनीची, ते मी मुद्दाम सांगत नाही. जे घडलं त्यात दोष कंपनीचा नव्हता. दोष माझा होता.

ही पेटी आपण एका निवृत्त अकॉर्डियनवाल्याकडून घेतली. तेव्हा मंडळाकडे पैसे नव्हते, हॉल चर्चचा असायचा, गणपतीची मूर्ती कोणाच्या तरी सामानातून यायची, आणि आरती मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात नाही अशी दर वर्षी तक्रार असायची. ही पेटी आली आणि तक्रार संपली. पेटीवर भावगीतं झाली, नाट्यगीतं झाली, एका वर्षी चक्क कीर्तन झालं. हार्मोनियमला आपण मराठीत पेटी म्हणतो, आणि आमच्याकडे या ॲम्प्लिफायरलाही पेटीच म्हणत, त्यामुळे "पेटी आणा" म्हटलं की दोघेजण दोन वेगळ्या दिशांना पळायचे!

आता कबुली.

१९८९ साल. गणेशोत्सवाला तीन आठवडे होते. पेटीचा जुना प्लग तडकला होता. मी नवीन प्लग बसवतो म्हणालो. मी म्हणजे कोण, तर महाराष्ट्रात विजेचं शिक्षण घेतलेला, दोन वर्षं वायरिंगची कामं केलेला, वर 'मेड इन इंडिया' आत्मविश्वास. प्लग उघडला. आत तीन तारा: एक काळी, एक करडी आणि एक लाल. आपल्याकडे तेव्हा पहिल्या दिवशी काय शिकवत? लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. इथे हिरवी नव्हती. मग मी डोकं चालवलं. लाल फेज झाली, काळी न्यूट्रल झाली, उरली ती करडी. म्हणजे तीच अर्थ असणार. लाल आणि काळी दोन पिनांना लावली, करडी अर्थच्या पट्टीला लावली, स्क्रू आवळले, प्लग भिंतीत खुपसला. पेटी वाजली. आमच्या सौ.नी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मंडळी, जर्मनीत १९६५ पर्यंत रंगांची पद्धत अशी होती: काळी फेज, करडी न्यूट्रल आणि लाल म्हणजे अर्थ. इथल्या भाषेत शुट्झलाइटर, रक्षण करणारी तार. आज सगळीकडे दिसते ती हिरवी-पिवळी पट्ट्यांची तार त्यानंतर आली. म्हणजे आपल्याकडे जो रंग 'हात लावू नकोस' सांगतो, तोच रंग इथल्या जुन्या वायरीत 'मी तुला वाचवते' असं सांगत होता. आणि मी त्या वाचवणाऱ्या तारेला नेऊन जिवंत पिनेवर बसवलं होतं.

मग पेटी वाजली कशी, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचंय. भारतातला तीन पिनांचा प्लग एकाच बाजूने बसतो. जाड पिन वर, बस्स. इथला शुको प्लग दोन्ही बाजूंनी बसतो. सरळ लावला काय, उलटा लावला काय, चालतो. आता माझ्या जोडणीत काय होत होतं बघा. एका बाजूने प्लग लावला की फेज काळ्या तारेत जायचा आणि करडी तार अर्थला. अर्थची तार इमारतीच्या मुख्य जोडणीपाशी शेवटी न्यूट्रललाच मिळते, म्हणून ट्रान्सफॉर्मरला वीज मिळायची आणि पेटी उत्तम वाजायची. पण तोच प्लग फिरवून लावला की फेज लाल तारेत. लाल तार पेटीच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चासीला, स्क्रूने बसवलेली. ट्रान्सफॉर्मरला काहीच मिळायचं नाही. दिवा लागायचा नाही, आवाज यायचा नाही, पेटी मुकी. आणि त्या मुक्या पेटीचं सगळं लोखंड २२० व्होल्टवर. पुढचं बटण बंद केलं तरीही, कारण त्या तारेच्या वाटेत बटण नव्हतंच.

आणि नुसती पेटी नाही. गिटारची वायर घ्या. तिच्या बाहेरची जाळी चासीला जोडलेली असते, आणि गिटारच्या आत तीच जाळी तारांच्या खालच्या धातूच्या पट्टीला. म्हणजे गिटारच्या तारा हा चासीचाच पुढे आलेला भाग आहे. चासीवर जे, ते वाजवणाऱ्याच्या बोटांवर.

दोन आठवडे तालमी चालल्या. पेटी कधी चालायची, कधी नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "जरा लहरी आहे, प्लग फिरवून लावा म्हणजे चालते." हे मी सांगितलं होतं, विजेचं शिकलेल्या माणसाने! आमच्यात एक चौदा वर्षांचा मुलगा गिटार वाजवायचा. एका शनिवारी तो म्हणाला, "काका, आज वाजतच नाहीये." गिटार गळ्यात, डाव्या हाताची बोटं तारांवर. पायात रबरी तळाचे बूट, खाली लाकडी जमीन. आणि त्याच्यापासून एक पाऊल अंतरावर हॉलचा लोखंडी हीटर, जो पाण्याच्या नळांमधून थेट जमिनीला जोडलेला.

मी नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात हॉलचा हाउसमाइस्टर खिडक्या बंद करायला आला. वयस्क, कमी बोलणारा माणूस. काय झालं म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, काही नाही, प्लग फिरवला की चालेल. तो जागेवर थांबला. म्हणाला, प्लग फिरवल्याने कुठलंही उपकरण बंद पडता कामा नये. खरंच आहे! घरातला दिवा, रेडिओ, मिक्सर, प्लग कसाही लावला तरी चालतो. त्याने मुलाला गिटार खुर्चीवर ठेवायला लावली, खिशातून टेस्टर काढला आणि टोक गिटारच्या तारेला टेकवलं. टेस्टरचा लाल दिवा पेटला. गिटारच्या तारेवर!

त्याने आधी प्लग खेचला, मग माझ्याकडे बघितलं. प्लग उघडला, लाल तारेवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाला की लाल म्हणजे अर्थ. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्या मुलाच्या आईवडिलांना मी त्या संध्याकाळी काय सांगितलं? "प्लग सैल होता, नीट केला." इतकी वर्षं तेच सांगितलेलं होतं. या वर्षी पेटी तळघरातून बाहेर काढायचं ठरलं तेव्हा मी त्या मुलाला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो मुलगा आता पन्नाशीला आलाय. जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे काका, त्या दिवशी पेटी वाजली नाही म्हणून मी वाचलो?" मी म्हणालो, नाही रे, वाजत नव्हती तेव्हाच ती धोक्याची होती. तू वाचलास तो बुटांमुळे, आणि त्या हाउसमाइस्टरला एक साधा प्रश्न पडला म्हणून. तो इथे पहिल्या रांगेत बसलाय. त्याची माफी मी फोनवर मागितली होती. आज सर्वांसमोर मागतो.

हे मी वाढवून सांगतोय असं कोणाला वाटेल, म्हणून दोन गोष्टी सांगतो, ज्या सर्वांना माहीत आहेत. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी गावी स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर, प्रेक्षकांच्या समोर, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावून गेला. १९७६ च्या मे महिन्यात यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरीच इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. तिथेही अर्थिंग धड नव्हतं. दोघेही वाजवण्यात पट्टीचे होते, आणि धोक्याने आवाज करून कोणालाच सूचना दिली नाही.

किती वीज लागते माणसाला मारायला? चाळीस वॅटचा जुना दिवा २३० व्होल्टवर सुमारे १७४ मिलिअँपिअर घेतो. माणसाच्या अंगातून दहा-पंधरा मिलिअँपिअर गेले तरी हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नासच्या पुढे छातीतून गेले तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणजे देवघरातल्या एका दिव्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज.

आता या वर्षी पेटीचं काय केलं ते सांगतो. या कामाला मी पुन्हा एकट्याने हात लावला नाही. आपल्या गावातल्या एका परवानाधारक इलेक्ट्रोमाइस्टरला बोलावलं आणि मी शेजारी बसून पाने-पक्कड देत होतो. तुमच्यापैकी कोणी जुना रेडिओ, जुना ॲम्प्लिफायर फ्लोमार्क्टवरून उचलून आणला असेल, तर त्यांनी हे जरूर ऐकावं. स्वतः उघडून बसण्यासाठी नाही. ज्याच्याकडे द्याल त्याला काय काय विचारायचं, ते कळावं म्हणून.

पहिली गोष्ट म्हणजे प्लग काढला तरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मेलेला नसतो. आत चारशे-साडेचारशे व्होल्टचा साठा मोठ्या कंडेन्सरमध्ये राहतो, कधीकधी बराच वेळ. माइस्टरने आधी रेझिस्टर लावून तो साठा हळूहळू उतरवला, मीटरने शून्य आल्याची खात्री केली आणि मगच आत हात घातला.

मग जुनी वायर पूर्ण काढली. नुसता प्लग बदलून भागत नाही. साठ वर्षांचं रबर वाकवलं की पापडासारखं तुटतं. नवी तीन तारांची वायर घातली: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. पूर्वी वायर ओढली जाऊ नये म्हणून आत गाठ मारलेली होती. ती पद्धत आता चालत नाही, तिथे वायर घट्ट पकडणारी क्लिप बसवली. अर्थच्या तारेसाठी चासीवरचा रंग खरवडून स्वतंत्र बोल्ट, दातेरी वॉशर आणि वर नट. ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला ती तार लटकवायची नाही, आणि नुसत्या डागावर तर नाहीच नाही. शिवाय अर्थची तार आत मुद्दाम थोडी लांब ठेवली. म्हणजे कोणी वायरीला पाय अडकून पडलाच, तर बाकीच्या दोन आधी तुटतील आणि अर्थ सर्वांत शेवटी. मला ही गोष्ट फार आवडली. घर बुडताना जो शेवटी बाहेर पडतो, तसं तिचं काम आहे.

दुसरं, बटण. जुनं बटण एकच तार तोडायचं. प्लग दोन्ही बाजूंनी बसत असल्यामुळे ती फेज असेल की न्यूट्रल, हे नशिबावर. आता दोन्ही तारा एकदम तोडणारं बटण घातलं. फ्यूज बघितला तर आधीच्या मालकाने त्यावर तार गुंडाळलेली. मला एकदम गावाची आठवण आली! पेटीवर छापलेल्या आकड्याचाच नवा फ्यूज घातला.

तिसरं फार महत्त्वाचं. अनेक जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये मेन्सच्या एका तारेपासून चासीपर्यंत एक छोटा कंडेन्सर लावलेला असे, घरघर कमी व्हावी म्हणून. अमेरिकेतले वाजवणारे त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, यातच सगळं आलं. तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा असेल तर चांगल्या अवस्थेतसुद्धा २३० व्होल्टवर त्यातून जवळजवळ साडेतीन मिलिअँपिअर वाहतात. अर्थ नसलेल्या पेटीला हात लावल्यावर ज्या मुंग्या येतात, त्या यातूनही येऊ शकतात. आणि तो कंडेन्सर आतून फुटला की पूर्ण फेज चासीवर. आपल्या पेटीतला तो काढून टाकला. तिथे काही लावायचंच असेल तर आता खास वेगळ्या दर्जाचे, वाय वर्गाचे कंडेन्सर मिळतात. बिघडले तर वाट तोडून बिघडावेत अशी त्यांची बनावट असते.

चौथं, मोठे कंडेन्सर बदलले. पेटी २२० व्होल्टसाठी बनलेली, आणि जर्मनीत १९८७ पासून अधिकृत आकडा २३०. आपल्या पेटीला मागे २४० ची खूण होती, तिथे ती वळवून ठेवली, म्हणजे व्हॉल्व्ह उगाच जास्त तापणार नाहीत. मग पहिल्यांदा चालू करताना आपल्याकडच्या प्रत्येक रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात असतो तो सिरीज लॅम्प लावला. वाटेत एक साठ वॅटचा जुना दिवा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भक्कन पेटतो आणि तसाच राहतो. सगळं ठीक असेल तर पेटून मंद होतो. युरोपात साठ वॅटचे तसले दिवे सप्टेंबर २०११ पासून बाजारात यायचे बंद झाले. आमच्या सौ.नी जपून ठेवलेला एक कपाटात सापडला. "काही टाकू नका" म्हणतात ते उगाच नाही.

शेवटी मोजणी. बाहेरच्या प्लगच्या अर्थपट्टीपासून चासीपर्यंत अडथळा ०.३ ओहमच्या आत हवा, आला. पाचशे व्होल्ट लावून मेन्स आणि चासी यांच्यामधलं इन्सुलेशन एक मेगओहमच्या वर हवं, आलं. अर्थच्या तारेतून गळणारी वीज साडेतीन मिलिअँपिअरच्या आत हवी. ती तर खूपच कमी आली. हे सगळे आकडे एका कागदावर लिहून तो कागद पेटीच्या मागे चिकटवला आहे. बघा, या कागदावर आवाज कसा आहे याबद्दल एक शब्द नाही.

एक सावधगिरीची सूचना. काही जुन्या स्वस्त रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच, चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. इथे त्यांना 'ऑलस्ट्रॉम' म्हणतात. त्यांना नुसती अर्थची तार जोडून काम होत नाही, उलट बिघडतं. असं काही घरी असेल आणि ते वाजवायचंच असेल, तर आधी जाणकाराला दाखवा.

आणि वाजवणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती. दोन उपकरणं जोडली की कधीकधी 'हम्म' असा आवाज येतो. मग कोणीतरी शहाणा सांगतो की अर्थ काढून टाका, आवाज जाईल. इथे शुकोच्या पट्टीवर चिकटपट्टी लावतात, आपल्याकडे तिसरी पिन मोडतात. आवाज खरंच जातो. पण त्याबरोबर काय जातं ते आता तुम्हाला कळलं. हम घालवायचा असेल तर आवाजाच्या वायरीत छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा डी.आय. बॉक्स लावा. विजेच्या वायरीला हात लावू नका.

इथे कोणीतरी म्हणेल, आता एफ.आय. स्विच असतो ना, मग कशाला चिंता? बरोबर आहे. जाणारी आणि परत येणारी वीज तो सतत तोलून बघतो आणि तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात बंद करतो. १९८९ मध्ये त्या हॉलमध्ये एफ.आय. असता तर माझी चूक पहिल्याच दिवशी, पेटी चालू करताच, पकडली गेली असती. पण इथेही नेहमीच्या घरगुती सॉकेटसाठी तो सरसकट आवश्यक झाला तो २००७ च्या नियमानंतर, आणि तेही नव्या वायरिंगला. जुने हॉल अजून जुनेच आहेत. दुसरं म्हणजे, अर्थ असेल तर बिघडलेलं उपकरण प्लग लावताच एफ.आय. पाडतं. अर्थ नसेल तर तो पडण्यासाठी तीस मिलिअँपिअर कोणाच्या तरी अंगातून जावे लागतात. म्हणून दोन्ही हवेत. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आता पैसे मागतो.

आपला या वर्षीचा निधी मराठवाड्यातल्या एका निवासी शाळेच्या संगीतवर्गासाठी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या हिवाळ्यात मी तिथे जाऊन आलो. दोन हार्मोनियम, तीन तबल्याच्या जोड्या, एक कीबोर्ड, आणि पत्र्याच्या पेटीतला एक ॲम्प्लिफायर. मुलं इतकी सुरेल गायली की मी प्रश्न विचारायचाच विसरलो होतो. मग एक मुलगी म्हणाली, "सर, या माइकला मुंग्या येतात." शिक्षक म्हणाले, "म्हणून आम्ही ओल्या हाताने धरू देत नाही." मी भिंतीवरचा सॉकेट उघडून घेतला. तीन भोकं होती. तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती.

शिक्षकांना दोष देऊ नका. वाजत होतं ना! मीही तेच म्हटलं होतं, "वाजतो, म्हणजे बरोबर आहे."

म्हणून अंदाजपत्रकात मी एक ओळ घालायला लावली: अर्थिंगचा खड्डा, आर.सी.सी.बी. म्हणजे तिकडचा एफ.आय. स्विच, आणि संगीतवर्गाचं तीन तारांचं वायरिंग. जमिनीत पाइप पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा त्यात पाणी घालत राहावं लागतं. तेही कोणाच्या तरी रोजच्या कामात लिहून ठेवायला हवं. आपल्या बैठकीत एका सभासदांनी मला विचारलं, आणि रास्त विचारलं, "देणगीदारांना आपण दाखवणार काय? खड्ड्याचा फोटो?" सगळे हसले, मीही हसलो. नव्या कीबोर्डवर देणगीदाराचं नाव घालता येतं. अर्थिंगच्या खड्ड्यावर पाटी कोण लावणार?

पण मला सांगा, त्या शाळेत आपण आणखी एक मोठा ॲम्प्लिफायर पाठवला, दोन इलेक्ट्रिक गिटारी पाठवल्या, मुलांचे हसरे फोटो छापले, आणि भिंतीतलं ते तिसरं भोक तसंच रिकामं राहिलं, तर आपण काय पाठवलं? मी १९८९ मध्ये जे केलं तेच आपण सगळे मिळून करू, फक्त पाच हजार किलोमीटरहून जास्त लांबून आणि चांगल्या हेतूने. माझाही हेतू चांगलाच होता.

म्हणून मी कार्यकारिणीला विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली: जमणाऱ्या निधीतून पहिल्यांदा ती ओळ भरायची. खड्डा, स्विच, वायरिंग, आणि तिथल्या परवानाधारक वायरमनकडून मोजणीचा कागद. तो कागद आला की मगच वाद्यं निघतील. कागदाची प्रत पुढच्या पुस्तिकेत छापू. फोटो हवाच असेल तर तो मोजणीच्या आकड्यांचा असेल.

आणि ही आपली पेटी. जेवणानंतर तिचा लिलाव आहे. जो कोणी घेईल त्याने दोन अटी पाळायच्या. मागचा कागद काढायचा नाही. आणि दर वर्षी, गणपतीच्या आधी, एकदा माइस्टरला दाखवून नवा कागद चिकटवायचा. लिलावाची सगळी रक्कम त्या ओळीत जाणार आहे. तुमचं नाव कुठेही लागणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

लिलावाच्या आधी मात्र पेटी एकदा वाजणार आहे. पहिल्या रांगेतला तो पन्नाशीचा मुलगा गिटार घेऊन आलाय. मी त्याला म्हटलं, आधी तू स्वतः तपासून घे. त्याने खिशातून टेस्टर काढून गिटारच्या तारेला लावला. प्लग एका बाजूने लावून बघितला, मग फिरवून दुसऱ्या बाजूने लावून बघितला. दोन्ही वेळा दिवा लागला नाही. आणि दोन्ही वेळा पेटी वाजली.

वडे गार होतायत.